रेडिओ लहरी आणि रक्त-मस्तिष्क अवरोध : एक परीक्षण

मोबाइल फोनच्या लहरींमुळे मेंदूभोवतीची संरक्षक भिंत सैल होते आणि रक्तातील विषद्रव्ये मेंदूत उतरतात, हे विधान गेली वीस-बावीस वर्षे आपल्या व्यवसायात वारंवार कानी पडते. रुग्ण त्याविषयी विचारणा करतात, औषधकंपन्यांचे प्रतिनिधी ते ठामपणे सांगतात आणि संभाषा-परिषदांमधील व्याख्यानांतूनही ते "स्वीडनमध्ये सिद्ध झाले आहे" एवढ्याच आधारावर पुढे पुढे सरकत राहते. विधान साधे नाही. शिर हे चरकाचार्यांनी सांगितलेल्या तीन प्रधान मर्मांपैकी एक. त्या मर्माचे नैसर्गिक संरक्षण घराघरांतील एका यंत्राने मोडत असेल, तर वैद्याने ते रुग्णास सांगितलेच पाहिजे. परंतु तसे होत नसेल, तर त्या भीतीच्या आधारावर आपण जे सल्ले देतो व जी औषधे लिहून देतो, त्यांचा पाया काय, हा प्रश्न उभा राहतो.

प्रस्तुत लेखात स्वीडनमध्ये नेमके काय पाहिले गेले, ते इतर प्रयोगशाळांत पुन्हा दिसले किंवा कसे, आणि त्यातून चिकित्सकाने काय घ्यावे, एवढ्याच मुद्द्यांचा विचार केला आहे. आमचा निष्कर्ष आरंभीच नोंदवितो, म्हणजे वाचक वैद्यांना पुढील विवेचन त्या कसोटीवर तपासता येईल. ऊतींचे तापमान लक्षणीय वाढविण्याइतक्या प्रबळ लहरींनी हा अवरोध सैल होतो, यात शंका नाही. मोबाइल फोनच्या पातळीवरील लहरींनी तो सैल होतो, हे मात्र आजवर टिकाऊ पुराव्याने दाखविले गेलेले नाही.

अवरोधाचे स्वरूप

१८८५ साली जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र बहुतांशी कोरा राहिला. एर्लिख यांना वाटले, मेंदूस त्या रंगाचे आकर्षणच नसावे. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली उलट प्रयोग केला. ट्रायपॅन ब्लू हा रंग त्यांनी रक्तात न सोडता मस्तिष्क-मेरुद्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग घेत नव्हता असे नव्हे, रंग तेथवर पोहोचत नव्हता. मध्ये काहीतरी आडवे होते. ते काय, हे दिसण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. १९६७ साली रीझ व कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले की, मेंदूतील केशवाहिन्यांच्या अंतःस्तर-पेशी एकमेकींशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. शरीरात इतरत्र या पेशींमध्ये फटी असतात, येथे त्या जवळजवळ नसतातच. बाहेरून तारकापेशींचे पाय या केशवाहिन्यांना वेढून असतात आणि सांधे घट्ट राखण्यास त्यांचे साहाय्य होते. यालाच आधुनिक शास्त्रात ब्लड ब्रेन बॅरिअर म्हणतात. आपण रक्त-मस्तिष्क अवरोध म्हणू.

'भिंत' हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे. हा अवरोध पहारेकऱ्यासारखा निवड करतो. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्य व स्नेहविद्राव्य सूक्ष्म द्रव्ये त्यातून सहज जातात. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले यांसाठी खास वाहक प्रथिने असतात. काही द्रव्ये आत शिरताच पुन्हा रक्तात ढकलली जातात. अल्ब्युमिनसारखे मोठे प्रथिन निरोगी अवस्थेत जवळजवळ आत येतच नाही, आणि म्हणूनच प्रयोगांमध्ये मेंदूच्या ऊतीत अल्ब्युमिन दिसणे ही गळतीची खूण मानली जाते.

आपल्या व्यवहारातील उदाहरण कपिकच्छूचे. कंपवातात मेंदूतील डोपामिन उणे पडते, पण डोपामिन तोंडावाटे वा शिरेवाटे दिले तरी अवरोध ओलांडत नाही. कपिकच्छूच्या बियांत असणारे लेवोडोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाहकाच्या साहाय्याने आत जाते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. लंडन येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ८ कंपवात-रुग्णांवर कपिकच्छूचूर्णाची तुलना प्रमाणित लेवोडोपाशी केली गेली, तिचाही आधार हाच. याचा व्यवहारातील उपसिद्धांत असा की, प्रथिनबहुल भोजनाबरोबर हे औषध दिले तर आहारातील अमिनो आम्ले त्याच वाहकासाठी स्पर्धा करतात आणि औषधाचा गुण उणावू शकतो. प्रगत कंपवातात अनुपान व औषधकाल ठरविताना याचा विचार अवश्य करावा.

मेंदूच्या काही लहान भागांत हा अवरोध निसर्गतःच विरळ असतो. वमनाशी संबंधित एरिया पोस्ट्रेमा हा त्यांपैकी एक. रक्तातील विष ओळखून वांतीचा वेग उत्पन्न करणे हे त्याचे कार्य असल्यामुळे तेथे आडोसा नसणेच सोयीचे. वमनकर्म करणाऱ्या वैद्यांना ही रचना मनोरंजक वाटावी. असो.

लहरींचे बळ किती

या विषयात 'किरणोत्सर्ग' हा शब्द फार घोटाळा करतो. क्ष-किरण आणि मोबाइलच्या लहरी दोन्ही विद्युतचुंबकीय असल्या तरी त्यांच्या बळात प्रचंड अंतर आहे. ९१५ मेगाहर्ट्झ या वारंवारितेच्या एका ऊर्जाकणाचे बळ सुमारे ३.८ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. रेणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढण्यास १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे त्याच्या सुमारे २६ लाख पट. इतकेच काय, शरीराच्या स्वाभाविक उष्णतेने रेणूंची जी अखंड धडपड चालू असते, तिचे बळही या ऊर्जाकणाच्या सुमारे ७००० पट असते. म्हणून या लहरींनी रेणू तुटत नाहीत. त्यांचे निःसंशय ज्ञात असलेले कार्य एकच, ते म्हणजे पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता निर्माण करणे. मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर चालते.

तेव्हा मूळ प्रश्न उष्णतेच्या मात्रेचा होतो. ती मोजण्याचे माप म्हणजे दर किलो ऊतीमागे शोषली जाणारी शक्ती, जिला एसएआर म्हणतात. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली डोक्यासाठी १० ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोमागे २ वॅट ही मर्यादा सांगितली आणि २०२० च्या सुधारित सूचनांतही ती कायम ठेवली. भारतात २०१२ साली हँडसेटसाठी १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर १.६ वॅट ही अधिक कडक मर्यादा लागू करण्यात आली. आता तुलना पाहावी. सुमारे १.४ किलो वजनाचा आपला मेंदू स्वतःच्या चयापचयातून १५ ते २० वॅट उष्णता सतत निर्माण करतो, म्हणजे किलोमागे १० वॅटहून अधिक, आणि वाहते रक्त ती काढून नेते. फोनची कमाल मर्यादाही याच्या एका अंशाएवढी, तीही कानाजवळच्या लहानशा भागापुरती. तेथील मेंदूच्या तापमानात पडणारी भर अंशाच्या एक-दोन दशांशांच्या घरात असते. उन्हात चालून आल्यावर वा साध्या ज्वरात याहून कितीतरी अधिक फरक पडतो.

एवढ्यावरून 'म्हणून परिणाम अशक्य' असा निष्कर्ष काढता येत नाही, हेही नोंदविले पाहिजे. उष्णतेखेरीज अन्य एखादी यंत्रणा असू शकते. तिचे तर्काने खंडन करता येत नाही, प्रयोगानेच पाहावे लागते. आणि प्रयोग झालेही.

पहिला कालखंड : फ्राय यांचे उंदीर

मोबाइल फोन बाजारात येण्यापूर्वीच, रडारच्या संदर्भात, अमेरिकेतील अ‍ॅलन फ्राय व सहकाऱ्यांनी १९७५ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदरांच्या रक्तात फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग सोडून त्यांच्यावर १.२ गिगाहर्ट्झच्या क्षीण लहरी सोडल्या असता मेंदूच्या छेदांत रंग उतरलेला दिसला. स्पंदित लहरींनी तो अधिक दिसला. १९७७ साली ऑस्कर व हॉकिन्स यांनी मॅनिटॉल आदी द्रव्ये वापरून असेच काही पाहिल्याचे नोंदविले.

यानंतर जे घडले ते या विषयाच्या पुढील इतिहासाचा नमुनाच ठरले. १९७८ साली मेरिट व सहकाऱ्यांनी हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा क्षीण लहरींनी काहीच दिसेना. रंग उतरला तो मेंदूचे तापमान सुमारे ४० अंशांपर्यंत चढल्यावरच. मग ते तापमान लहरींनी चढविलेले असो वा अन्य मार्गाने, फरक पडला नाही. पुढे आणखी एक शंका पुढे आली. मेंदूतील रक्तप्रवाह वाढला तरीही मापनात द्रव्य अधिक भरल्याचा भास होऊ शकतो, अवरोध सैल झाला असे त्यावरून म्हणता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा विषय थंडावला.

लुंडचे संशोधन

त्याला पुन्हा ऊब आली ती दक्षिण स्वीडनमधील लुंड विद्यापीठात. मज्जाशल्यविद् लेफ साल्फोर्ड, विकृतितज्ज्ञ आर्ने ब्रून व भौतिकविद् बर्तिल पेर्सन यांचा गट १९८८ पासून या प्रश्नावर काम करीत होता. उंदरांना टेम-सेल नावाच्या धातूच्या पेटीत ठेवून ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरी देणे आणि नंतर मेंदूच्या छेदांत अल्ब्युमिन शोधणे, ही त्यांची पद्धती. १९९४ च्या व नंतरच्या लेखांत त्यांनी लहरी दिलेल्या उंदरांत अल्ब्युमिनचे ठिपके अधिक प्रमाणात आढळल्याचे नोंदविले. लहरी न दिलेल्या काही उंदरांतही असे ठिपके आढळले होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जगभर गाजला तो २००३ चा लेख. ३२ उंदरांचे चार गट केले, प्रत्येकी ८. एका गटास लहरी दिल्या नाहीत. उरलेल्या तिघांस किलोमागे २, २० व २०० मिलिवॅट या मात्रांनी केवळ दोन तास जीएसएम फोनसारख्या लहरी दिल्या आणि तब्बल ५० दिवसांनी मेंदू तपासले. तेव्हा केवळ अल्ब्युमिनच नव्हे, तर क्रेसिल व्हायोलेट रंजनात गडद दिसणाऱ्या, आकसलेल्या चेतापेशी आढळल्या. त्यांची गणना शून्य, एक, दोन अशा तीन श्रेणींत डोळ्यांनी केलेली होती. मात्रा मोबाइलच्या मर्यादेहून कमी, कालावधी दोन तास, आणि सात आठवड्यांनंतरही टिकणारी पेशीहानी. वृत्तपत्रांना यापेक्षा अधिक काय हवे? आपल्याकडील व्याख्यानांत जे "स्वीडनमध्ये सिद्ध झाले" म्हणून सांगितले जाते, ते हेच.

या लेखाचे कर्ते प्रामाणिक व अनुभवी होते, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. प्रश्न त्यांच्या सचोटीचा नव्हे, प्रत्यक्षाच्या मर्यादांचा आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात विद्यमान वस्तूही प्रत्यक्षाने का दिसत नाही याची आठ कारणे दिली आहेत. अतिसमीपता, अतिदूरता, आवरण, इंद्रियदौर्बल्य, मनाची अनवस्था, समानाभिहार, अभिभव आणि अतिसूक्ष्मता ही ती कारणे होत. ती न दिसण्याची कारणे असली, तरी चुकीचे दिसण्यालाही त्यांतील काही लागू पडतात असे आमचे मत आहे. येथे समानाभिहार विशेष लागू पडतो. समान वस्तूंच्या घोळक्यात एक वस्तू वेगळी ओळखता येत नाही, तसेच हे.

गडद चेतापेशींचा प्रकार नेमका असाच आहे. १९६१ साली कॅमरमेयर यांनी दाखविले होते की, पूर्णपणे स्थिरीकरण होण्यापूर्वी मेंदूस नुसता हाताचा दाब पडला, तरी अशाच गडद, आकसलेल्या पेशी तयार होतात. रोगाने झालेली गडद पेशी आणि काढताना झालेली गडद पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसू शकतात. अर्थात हा आक्षेप एकटा पुरेसा नाही. नियंत्रण-गटाचे मेंदूही त्याच हातांनी काढले गेले असणार, मग फरक का दिसावा, असा प्रतिप्रश्न रास्त आहे. परंतु गटात ८ उंदीर, तीन श्रेणींचे मापन आणि नियंत्रण-गटातही मुळात आढळणारी गळती, एवढ्या सामग्रीत योगायोगाने फरक पडणे अशक्य नव्हते. निर्णय देणारी गोष्ट एकच होती. इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहणे.

पुन्हा केलेले प्रयोग

२००९ साली या प्रयोगाच्या तीन स्वतंत्र तपासण्या प्रसिद्ध झाल्या. जपानमधील मासुदा व सहकाऱ्यांनी लुंडप्रमाणेच टेम-सेल, ९१५ मेगाहर्ट्झ, दोन तास आणि त्याच जातीचे ६४ उंदीर घेतले. मात्रा किलोमागे ०.०२, ०.२ व २ वॅट. मेंदू १४ व ५० दिवसांनी तपासले. अल्ब्युमिनची गळती वाढलेली नाही, गडद पेशी वाढलेल्या नाहीत. फ्रान्समधील बोर्दो येथील गटाने केवळ डोक्यास लहरी देऊन, गडद पेशी ओळखण्यासाठी क्रेसिल व्हायोलेटच्या जोडीला मृतप्राय चेतापेशींनाच रंगविणारी फ्लुओरो-जेड ही अधिक नेमकी पद्धती वापरून तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच. अमेरिकेत सॅन अँटोनियो येथील ब्रुक्स केंद्रात मॅक्क्वेड व सहकाऱ्यांनी मात्रेची व्याप्ती किलोमागे ०.००१८ पासून थेट २० वॅटपर्यंत नेली. तेथेही लहरींमुळे अल्ब्युमिन उतरल्याचे दिसले नाही.

बोर्दोच्या प्रयोगातील एक बाब आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी विशेष पाहावी. त्यांनी मेंदूस मुद्दाम इजा केलेले उंदीरही तपासणीत ठेवले होते, आणि त्यांच्यात विकृती स्पष्ट दिसली. म्हणजे 'दिसले नाही' याचा अर्थ 'पाहणाऱ्याची दृष्टी अधू होती' असा लावता येत नाही. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत असा गट अभावानेच असतो, आणि म्हणून त्यांच्या नकारात्मक निष्कर्षांना वजन येत नाही.

याहूनही बोलका पुरावा लुंडचाच आहे. त्याच गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन प्रयोगात ५६ उंदरांपैकी ३२ उंदरांना आठवड्यातून एकदा दोन तास, अशा रीतीने ५५ आठवडे लहरी दिल्या. एकदाच दिलेल्या दोन तासांनी जर ५० दिवस टिकणारी हानी होत असेल, तर वर्षभराने ती ठळक दिसावयास हवी होती. ना गळतीत लक्षणीय फरक आढळला, ना गडद पेशींत. त्या गटाचे हे काम त्यांनी दडवून न ठेवता प्रसिद्ध केले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र २००३ चा लेख सांगणारे व्याख्याते २००८ चा लेख कधी सांगत नाहीत.

दुसऱ्या बाजूचेही जे आहे ते सांगतो. १९९७ साली फ्रिट्झे व सहकाऱ्यांना किलोमागे ७.५ वॅट या जबर मात्रेवर काही प्रमाणात अल्ब्युमिन उतरलेले दिसले होते, कमी मात्रांवर नाही. ही मात्रा उष्णतेच्या क्षेत्रातील आहे. अंकारा येथील सिराव व सेयहान यांनी २०११ साली इव्हान्स ब्लू रंग वापरून नर उंदरांत गळती वाढल्याचे व मादी उंदरांत न वाढल्याचे नोंदविले. हा फरक का, याचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही आणि एकाच लिंगात दिसणारा परिणाम स्वीकारण्यापूर्वी तो अन्यत्र दिसला पाहिजे. २०१० साली स्टॅम यांनी या सर्व वाङ्मयाचा आढावा घेतला. ऊती तापविण्याइतकी मात्रा असल्यास अवरोध सैल होतो, त्याखाली ठाम पुरावा नाही, हाच त्याचाही सारांश.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे हेतू सव्यभिचार आहे. लहरी असताना गळती कधी दिसते, कधी दिसत नाही. लहरी नसतानाही कधी दिसते. मात्रा वाढविली तर परिणाम वाढत नाही. याउलट तापमानाचा हेतू अन्वय व व्यतिरेक या दोन्ही कसोट्यांवर उतरतो. ताप चढला की अवरोध सैल, न चढला की नाही, मग ताप कशानेही चढो.

कर्करोगाचा प्रश्न यापासून वेगळा आहे व तो येथे मिसळू नये. २०११ साली कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्कजनक' या गटात टाकले ते काही साथशास्त्रीय अभ्यासांवरून, अवरोधावरील प्रयोगांवरून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात मोबाइल वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

चिकित्सालयात

मग वैद्याने हे सर्व का वाचावे? कारण अवरोध खरोखर सैल होण्याचे प्रसंग आपल्या समोर रोज येतात आणि लहरींच्या चर्चेत ते झाकले जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेले एक शिक्षक आले. पहाटे उठल्यावर डोके ठणकणे, मळमळ, दृष्टी मधूनच धूसर होणे. घरासमोरील इमारतीवर मोबाइल मनोरा उभा राहिल्यापासून त्रास सुरू झाला, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि अन्यत्र एका चिकित्सकाने तिला दुजोरा देऊन 'लहरींनी मेंदूचे कवच फाटत आहे' असे सांगितले होते. शिरोधारा, एक महागडे मेध्य घृत आणि खिडकीला लावण्याचा धातूचा पडदा असा उपक्रम चार महिने चालला होता. त्या चार महिन्यांत रक्तदाब एकदाही पाहिला गेला नव्हता. तो १९६/११८ निघाला. आम्ही त्यांना त्याच दुपारी रुग्णालयात पाठविले.

या कथेतील विचित्र गोष्ट अशी की, त्यांच्या मेंदूचा अवरोध खरोखरच धोक्यात होता. रक्तदाब एका मर्यादेपलीकडे चढला की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे स्वयंनियमन मोडते, केशवाहिन्यांचे सांधे ताणले जातात व द्रव ऊतीत झिरपू लागतो. डोकेदुखी, दृष्टिदोष, झटके ही त्याची लक्षणे. उच्चरक्तदाबजन्य मस्तिष्कविकार म्हणतात तो हाच. धोका समोरच्या मनोऱ्यात नव्हता, दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत कळण्याजोगा होता.

अशी इतर कारणेही आपल्या ध्यानी असावीत. मस्तिष्कावरणशोथ, शिरोभिघात, पक्षाघातातील रक्तपुरवठ्याचा खंड, उष्माघात. विदर्भ-मराठवाड्यातील वैद्यांना उष्माघाताविषयी अधिक सांगणे नको. तेथे शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते व मूर्च्छा येते, आणि लहरींच्या प्रयोगांत जे तापमान ओलांडल्यावर अवरोध सैल झाला ते तापमान तेथे खरोखर गाठले जाते. नवजात बालकाची कामला हे आणखी एक उदाहरण. अकाली जन्म, जंतुसंसर्ग वा रक्तातील आम्लता असेल तर बिलिरुबिन मेंदूत उतरण्याचा धोका वाढतो, तेव्हा केवळ कोवळ्या उन्हावर विसंबून दोन दिवस घालविणे परवडत नाही.

आणि शिसे. बालकांमधील शिसेजन्य मस्तिष्कविकारात मेंदूच्या केशवाहिन्यांनाच इजा होऊन मेंदूला सूज येते, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक यांपैकी एक वा अधिक आढळल्याचे वृत्त अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने दिले, तेव्हा आपल्याकडे बराच संताप व्यक्त झाला. भस्मांच्या शोधन-मारणाचा शास्त्रीय विचार त्या तपासणीत नव्हता, हा आक्षेप काही अंशी रास्तच होता. परंतु ज्या उत्पादनांच्या नावात रसकल्प नव्हता त्यांतही धातू का निघावेत, याचे उत्तर संतापातून मिळत नाही. लहरींनी मेंदूचे कवच फाटते असे पुराव्याविना सांगणाऱ्या वैद्याच्या कपाटातील बालघुटी प्रयोगशाळेत तपासलेली असावी, एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये.

लहरींपासून संरक्षण देणारी म्हणून जी द्रव्ये व वस्तू विकली जातात, त्यांविषयी थोडे. फोनला चिकटविण्याच्या चकत्या, तुळशीचे व अन्य कल्प, आणि २०२० साली गाजलेली गोमयाची चकती. त्या चकतीच्या वेळी देशातील अनेक वैज्ञानिकांनी पुरावा मागितला होता. ही मागणी आयुर्वेदविरोधी होती असे आम्हास वाटत नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, मंडूकपर्णी यांचे मेध्यत्व स्वतःच्या आधारावर उभे आहे. त्यांना अस्तित्वच सिद्ध न झालेल्या हानीवरील उतारा म्हणून विकणे म्हणजे त्यांचे मूल्य कमी करणे होय. नस्याविषयीही हीच सावधगिरी हवी. नासा हे शिराचे द्वार होय या शास्त्रवचनाचा 'नस्याने रक्त-मस्तिष्क अवरोध टळतो' असा सरसकट अनुवाद अलीकडे प्रबंधांतून दिसतो. घ्राणमार्गाने काही द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात, पण अणुतैलातील कोणता घटक, किती मात्रेत, हे प्रत्येक वेळी मोजूनच सांगावे लागेल.

रुग्ण विचारतात तेव्हा आम्ही जे सांगतो ते असे. फोनने मेंदूचे संरक्षण सैल होते हे सिद्ध झालेले नाही. तरीही संपर्क कमी करावयाचा असेल तर कानाला फोन न लावता इअरफोन वापरावा, कारण अंतर वाढले की शोषण झपाट्याने घटते. सिग्नल क्षीण असेल तेथे लांबलचक बोलणे टाळावे, कारण अशा वेळी फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. मनोऱ्यापेक्षा कानाला लावलेल्या फोनकडूनच डोक्यास अधिक लहरी मिळतात, आणि मनोरा दूर गेला तर फोनला अधिक जोर लावावा लागतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. रात्री फोन उशाशी नको, हे आम्ही सांगतो ते निद्रानाशासाठी. मान वाकवून तासन् तास पाहिल्याने होणारी मन्याशूल व शिरःशूलाची तक्रार तर आता तरुणांतही नित्याची झाली आहे. तिची चिकित्सा आपणास उत्तम येते आणि तिच्यासाठी लहरींचा आधार घेण्याची गरज नाही. मात्र डोकेदुखी नव्याने सुरू झालेली, पहाटे वाढणारी, उलटी वा दृष्टिदोषासह येणारी असेल, तर प्रथम रक्तदाब व नेत्रतल पाहिलेच पाहिजे.

पुढे एखादा नवा शोधनिबंध हाती आला, वा एखादा प्रतिनिधी 'परदेशी संशोधन' म्हणून कात्रण दाखवू लागला, तर वाचक वैद्यांनी त्यास चार गोष्टी विचाराव्यात. लहरींची मात्रा मोजली होती की केवळ चालू फोन पिंजऱ्याजवळ ठेवला होता? प्राण्याचे तापमान नोंदविले होते का? छेद पाहणाऱ्यास कोणता उंदीर कोणत्या गटातील हे ठाऊक होते का? आणि हा प्रयोग दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, करून पाहिला आहे का?